शेऱ्याचा रकाना

समुद्र चोपड्याला पार्सलने येतो.
वर्षातून दोनदा, निळ्या ड्रमात,
सुरतेहून अमळनेर, तिथून टेम्पोत केळीच्या घडांशेजारी.
धुडकू तो प्रयोगशाळेच्या पायरीवर उतरवतो,
ड्रमला कान लावतो आणि म्हणतो,
बाई, यामा लाटा नही शेतस.

नसतातच. सत्तर-ऐंशी मीटर खाली
लाटेची बातमीसुद्धा पोचत नाही.
तिथे गाळ असतो
आणि गाळात ज्यांचं घर, ते.

बरण्यांवर जहाजावरच्या कुण्या पोराचं हेलकावणारं अक्षर:
विहिरीपासून अडीचशे मीटर.
विहिरीपासून पाचशे.
विहिरीपासून चार किलोमीटर.
तेलाच्या भोकालाही तिकडे विहीरच म्हणतात.

मी गाळ चाळते, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत,
नळाला पाणी असेल त्या दिवशी.
मग गुलाबी रंग टाकून रात्रभर ठेवते.
माती रंग घेत नाही, शिंपल्याचा चुरा घेत नाही;
जे जिवंत होतं तेवढंच सकाळी
गुलाबी होऊन वर दिसतं.

मोजायला जिनिंगमधला जुना काउंटर आहे,
कापसाच्या गाठी मोजून त्याचा खटका ढिला झालेला.
चार किलोमीटरवर एकतीस जाती.
एक ठिसूळ तारामासा, बाजरीच्या कुसासारखे हात,
त्यातला एक तुटून पुन्हा फुटू लागलेला.
पाचशेवर अकरा.
अडीचशेवर एक.
एकच जात, पण किडे चारशे बारा,
लाल दोऱ्यासारखे, एकमेकांत गुंतलेले.
नुसती बेरीज वाचणाऱ्याला वाटेल,
बरकत आहे.

एप्रिलात शेजारच्या हिलालभाऊंनी बोअर घेतला.
गाडी तमिळ नंबरची, पोरं लुंगीवर,
रात्रभर दात हलतील असा आवाज.
सातशे चाळीस फुटांवर ओल लागली, एवढीच.
सकाळी सगळीकडे राखाडी पीठ:
वांग्याच्या पानांवर, दोरीवरच्या परकरावर,
कोंबडीच्या पाठीवर.
कोंबडी झटकत होती. पानांना झटकता येत नव्हतं.

मला तेव्हा पहिल्यांदा
अडीचशे मीटर म्हणजे काय ते दिसलं.

मी पत्र्याची चौकट घेऊन गेले.
भोकापाशी, दहा पावलांवर, पाटाच्या कडेला,
एकेक वीत माती उकरून गांडुळं मोजली.
हिलालभाऊंची सून चहा घेऊन आली,
म्हणाली, हरवलं का काही?
आकडे आले: शून्य, दोन, चौदा.
पण त्यांचं करायचं काय?
गाडी यायच्या आदल्या दिवशी
इथे कुणी उकरून पाहिलं होतं का?
पाटाच्या कडेला तसंही जास्तच असतात.

त्या रात्री जुने ड्रम काढले, नऊ वर्षांची चिकटपट्टी.
पहिल्या ड्रमवरची तारीख वाचली.
मग भोक पाडल्याची तारीख.
पहिला ड्रम पाच महिन्यांनी धाकटा.

धुडकू बरण्या पुसत होता. विचारलं,
बाई, तुम्ही समुंदर देखेल शे का?
मी म्हटलं, तापी पाहिलीय.
तो म्हणाला, ती तर मीबी देखेल शे,
तीच जास ना तठे.
जाते. मध्ये धरणं आहेत, पण जाते.

अहवालाचा कागद तिकडूनच छापून येतो.
आकड्यांच्या रांगा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना,
अंगठ्याएवढा.
मागच्या वर्षीच्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीने
'लक्षणीय बदल नाही' असं लिहून ठेवलंय,
माझ्या सोयीसाठी.

पंखा बंद. भारनियमन. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात.
तारामाशाचा तो फुटू लागलेला हात
भिंगाखाली पुन्हा एकदा मोजते,
पेरं सहा.
रकान्यात लिहिते:
आधीची बरणी पाठवा.
अक्षर बाहेर जातं. जाऊ दे.